करवतीची दुसरी मूठ

दि. ४ सप्टेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कामाचं सगळं लिहूनच कळवते. इकडे ठीक. बातमी मोठी आहे. आधी बसून घे.

यंदाचे ओंडके आले. ट्रॉली भरून, निलगिरीचे, एकवीस नग. अंगणात भिंतीला लागून उतरवून घेतले. दरवर्षी तू ऑक्टोबरात येतोस आणि आपण दोघं वखारीत जाऊन निवडतो, हे मी विसरलेले नाही. पण या वेळी वखारवाल्याने स्वतः निरोप पाठवला, की ओला माल आत्ता आलाय, पुढच्या महिन्याचा भरवसा देत नाही. शिवाय मला सोबत होती, म्हणून गेले.

सोबत कोणाची, ते सांगायचंच राहिलं. आपल्या विहीणबाई आल्या आहेत. लेक आणि जावई दोन वर्षांसाठी परदेशी गेल्यापासून त्या एकट्याच असतात, आणि आता त्यांच्या इमारतीचे सगळे पाइप बदलायला काढलेत. तीन महिने नळाला पाणी नाही. मीच म्हटलं, इकडे या. मला वाटलं होतं, मुलाची आई म्हणजे पाय पसरून बसणार आणि मी हातात पाणी नेऊन देणार. पण बाई तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होत्या रे! पहिल्याच सकाळी माझ्या आधी उठून बिडाच्या चुलीतली राख काढून मोकळ्या. वखारीत तर प्रत्येक ओंडका पेशंटची पाठ तपासावी तसा ठोकून पाहिला आणि तीन परत पाठवले. वखारवाला निघताना त्यांना नमस्कार करत होता. मला सहा वर्षांत कधी केला नाही.

आता मुद्दा. आपली दुहाती करवत तू जूनमध्ये धार लावायला नेलीस, ती लगेच पाठव. निलगिरी ओली आहे तोवर कापून, फोडून झाली पाहिजे. वाळली की कुऱ्हाड उसळते, हे तूच मला सांगितलंस. करवतीची दुसरी मूठ विहीणबाई धरणार म्हणतात. त्या डावखुऱ्या आहेत, त्यामुळे आम्ही दोघी करवतीच्या एकाच अंगाला उभ्या राहू शकतो, भिंतीची अडचण होत नाही. तू त्या भिंतीवर दरवर्षी कोपर सोलून घेत होतास, आठवतं ना?

तुझ्या सौ.ला आशीर्वाद. माया आहेच, करवत तेवढी पाठव.

तुझी
ताई

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझे ४ तारखेचे पत्र काल मिळाले. वाचून आनंद झाला, असे लिहिण्याची पद्धत आहे. म्हणून तसे लिहितो.

काही शंका आहेत. ओंडक्यांचा घेर मोजून घेतला काय? बुंध्याकडचे किती आणि शेंड्याकडचे किती? तीन नग नेमक्या कोणत्या दोषामुळे परत केले? ठोकून पाहिल्याने ओंडक्याविषयी काय समजते, ते मला अद्याप समजलेले नाही. मी सहा वर्षे वखारीत टेप घेऊन जातो, म्हणून कदाचित वखारवाल्याला नमस्कार करावासा वाटला नसेल.

दुसरे असे, की विहीणबाईंच्या वयाचा आणि नात्याचा विचार व्हावा. त्या पाहुण्या आहेत. पाहुण्यांना करवतीला जुंपणे आपल्या घराला शोभत नाही. लेकीच्या सासरी काय म्हणतील? सासरी म्हणजे सध्या त्या स्वतःच, हे मला कळते. तरीही प्रश्न उरतोच.

करवत अजून धारवाल्याकडे आहे. तो वृद्ध असून सध्या तापाने अंथरुणावर आहे. करवतीचे दाते एकाआड एक डावीकडे व उजवीकडे वळवावे लागतात. ते काम घाईने केले तर करवत ओंडक्यात अडकून बसते, आणि ते तुला नको आहे. माझी दि. २१ ते ३१ ऑक्टोबरची रजा नेहमीप्रमाणे मंजूर झाली आहे. करवत मी येतानाच घेऊन यावी आणि तोवर ओंडके ताडपत्रीखाली तसेच राहू द्यावेत, हे मला इष्ट वाटते.

सौ.ने हा मजकूर वाचला आणि हे पत्र आहे की हरकतीचा अर्ज, असे विचारले.

आजवरचा लोभ कोणतीही वजावट न होता तसाच पुढे यावा, ही विनंती.

तुझा
भाऊ

दि. १६ सप्टेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

हरकतीचा अर्ज पोचला. निकाल असा, की पाच ओंडके माझ्या कवेत मावत नाहीत, बाकीचे मावतात. बुंधा कुठला नि शेंडा कुठला ते त्यांनाच विचारायला हवं. परत पाठवले त्या तिघांना आतून कीड होती; वखारवाल्याने आमच्यासमोर एक कापून दाखवला, तर पिठासारखा भुसा पडला. तेव्हा ठोकून कळतं, बाबा.

तू रागावू नकोस, पण एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुझी ती मापाची काठी आहे ना, सोळा इंचांची, टोकाला खिळा मारलेली? विहीणबाईंनी तिचे दोन इंच कापून टाकले. म्हणाल्या, चुलीचं दार नीट लागत नाही, लाकूड आतून ढकलतंय. आणि खरंच, चौदा इंचांचा तुकडा टाकला, तर दार बोटाने लागलं! सहा वर्षं मी ते दार गुडघ्याने रेटून लावते आहे. मला वाटायचं, चूल म्हातारी झाली.

त्यांना मी चुलीमागची खोली दिली आहे. तुझी म्हणतोस ती. तिथेच ऊब असते, आणि पाहुण्याला बाहेरच्या खोलीत कसं ठेवणार? तुझी उशी कपाटात नीट आहे, घाबरू नकोस.

काम तर सुरू करायलाच हवं, म्हणून छोट्या एकहाती करवतीने आम्ही बारीक ओंडक्यांना हात घातलाय. आळीपाळीने कापतो. विहीणबाई छातीवर उलटं घड्याळ टाचून बसतात आणि नाडी मोजल्यासारखे करवतीचे माझे हात मोजतात. पन्नास झाले, की करवत काढून घेतात. तोंड मात्र दोघींचंही थांबत नाही. इतकी हसले नव्हते रे कित्येक दिवसांत. मनगट जरा दुखतं, पण ते चालायचंच.

धारवाल्याचं ऐकून विहीणबाईंना काळजी लागली आहे. ताप किती, कोणत्या वेळी चढतो, खोकला आहे का, हे सगळं विचारून कळवायला सांगितलंय. आणि तो उठून बसता झाला, की त्याच्याकडून करवत सोडवून घे. माझ्यावर तेवढी मेहेरबानी कर आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

दि. २२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. विचारलेली माहिती पुढीलप्रमाणे: ताप सकाळी नव्याण्णव, सायंकाळी एकशे एक, कोरडा खोकला, भूक मंद. विहीणबाईंना कळवावे. शिवाय करवतीचे दोन दाते तुटलेले निघाले असून ते नव्याने घडवावे लागणार आहेत.

काठीविषयी. चुलीची लांबी मी स्वतः मोजली होती आणि ती अठरा इंच आहे. ती मी बाहेरून मोजली होती आणि बिडाची जाडी धरली नाही, हे आता लक्षात येते. परंतु गुडघ्याने दार लावावे लागते, हे तू मला सहा वर्षांत एकदाही सांगितले नाहीस. विहीणबाईंना ते तीन आठवड्यांत समजावे आणि मला समजू नये, यात माझी चूक किती आणि तुझ्या भिडेची किती, हे तूच ठरव.

जे लिहायचे नाही असे ठरवले होते, ते आता लिहितो. भावजी गेले त्या वर्षी मी तुझ्याकडे आलो, तेव्हा तू अंगणात ओंडक्यावर करवत टेकवून एकटीच उभी होतीस. पलीकडची मूठ रिकामी होती. मी जन्मात हातोडीसुद्धा धरलेली नव्हती. पण ती मूठ धरली. मी ढकलत होतो आणि करवत धनुष्यासारखी वाकत होती. तू म्हणालीस, की ढकलायचे नाही. आपल्या पाळीला ओढायचे आणि समोरच्याच्या पाळीला सोडून द्यायचे. मला ते जमायला तीन दिवस लागले. त्यानंतर वर्षातले ते दहा दिवस मी एकदाही चुकवलेले नाहीत. कचेरीत मी तेहतीस वर्षे इतरांचे कागद तपासतो. मी खोलीत शिरलो, की लोक गप्प होतात. मी आल्याने ज्याचे काम सुरू होते, असे माणूस मला तुझ्याशिवाय दुसरे नाही.

तेव्हा एकच विचारतो. तुला जोडीदार मिळाला आहे, चुलीचे माप मिळाले आहे, खोली भरलेली आहे. २१ तारखेला माझे येणे आवश्यक आहे की केवळ पडलेली पद्धत, एवढे स्पष्ट कळव.

विहीणबाईंना नमस्कार. त्यांचा मुक्काम ठरल्याप्रमाणे तीनच महिने आहे ना?

लोभ ज्याचा त्याच्या वाट्याला असावा, ही विनंती.

तुझा
भाऊ

दि. १ ऑक्टोबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं नाही, हे पाकिटावरच ओळखलं असशील. मी सांगते आहे आणि विहीणबाई लिहीत आहेत. सांगते तसंच लिहिते म्हणतात, पण मध्येच हसतात. त्यामुळे मजकुराची हमी देत नाही.

परवा चौथा ओंडका कापताना मनगटात कळ आली आणि हात सुजून पावासारखा झाला. छोटी करवत जाड लाकडात अडकते, मग हिसका द्यावा लागतो. तसा हिसका देताना झालं. बांधून ठेवलाय. दुखतं, पण रात्रंदिवस कण्हत नाही, तेव्हा तू उगाच गाडीत बसू नकोस. काळजी ओंडक्यांची आहे. सतरा तसेच पडलेत, आणि टोकांना चिरा पडायला लागल्या. इथे डोंगरावर सकाळी तोंडातून वाफ निघते आता. मागच्या वर्षीचं जळण महिनाभर पुरेल, त्यापुढे चूल काय खाणार, ते दिसत नाही.

तू जे विचारलं आहेस, त्याचं उत्तर दुसऱ्याच्या हातून लिहवण्यासारखं नाही. हात बरा झाला, की लिहीन. तोवर रागावून बसू नकोस. माझ्यावर तेवढं उधार ठेव.

तुझी
ताई

ता. क. भाऊसाहेबांस स. न. हा मजकूर माझा स्वतःचा आहे. ताईंचं हाड शाबूत आहे; लचक आहे. तीन आठवडे पट्टी सोडू देणार नाही. आपल्या धारवाल्याला तीन आठवडे सायंकाळी ताप आणि कोरडा खोकला, हे लक्षण मला बिलकूल आवडलेलं नाही. त्यांच्या छातीचा फोटो ताबडतोब काढून घ्यावा. हयगय नको.

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

धारवाला बरा झाला. करवत आज मालगाडीने रवाना केली आहे, बुधवारपर्यंत पोचेल. दात्यांवर पुठ्ठा बांधला आहे, तो सोडताना हात जपावेत.

पाकिटावरचे परके अक्षर पाहून प्रथम मला राग आला. ते तुझ्या अक्षरापेक्षा सुबक आहे, हेही आवडले नाही. मग मजकूर वाचला. कालपासून मला जेवण गेलेले नाही.

मनगट हलवू नकोस. विहीणबाईंचे ऐक. हे वाक्य मी स्वखुशीने लिहिले आहे, याची नोंद व्हावी.

तुझा
भाऊ

दि. ९ ऑक्टोबर

चि. भाऊस,

हे पत्र मी पट्टी बांधलेल्या हाताने लिहिते आहे. विहीणबाई बाजारात गेल्यात. वेडंवाकडं दिसलं तरी वाच.

करवत पोचली. धार उत्तम आहे. मुठीला दोऱ्याने धारवाल्याची चिठ्ठी बांधलेली आहे: ‘दुहाती एक. तयार २८ ऑगस्ट. नेली २९ ऑगस्ट.’ खाली तुझी सही. तू आयुष्यात कागदाशिवाय कुठली वस्तू हलवली नाहीस. हीसुद्धा नाही हलवलीस.

म्हणजे मी पहिलं पत्र टाकलं, तेव्हा करवत तुझ्या घरात होती. मी मनगटाला हिसका दिला, तेव्हाही होती. एकशे एक ताप, मंद भूक. इतकं तपशीलवार खोटं मी कधी वाचलं नव्हतं, आणि तेही तुझ्या हातचं.

चिठ्ठी विहीणबाईंना दाखवलेली नाही. त्यांना अजून धारवाल्याच्या छातीची काळजी आहे.

आशीर्वाद आहेत. ते परत घेता येत नाहीत, म्हणून आहेत.

ताई

दि. १३ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातील प्रत्येक विधान बरोबर आहे.

करवत २९ ऑगस्टपासून माझ्या निजायच्या खोलीत, कपाटामागे उभी होती. तुझे पहिले पत्र आले त्या दिवशी मी ती पाठवण्यासाठी बाहेर काढली, पुठ्ठाही आणला. पत्र पुन्हा वाचले. ‘दुसरी मूठ विहीणबाई धरणार’ या ओळीपाशी आलो आणि करवत परत कपाटामागे ठेवली. सौ. महिनाभर तिच्या भोवतीने केर काढत होती. एकदाच म्हणाली, की करवतीला गंज चढतो, माणसाला काय चढतं ते तुमचं तुम्हाला माहीत. धारवाला ठणठणीत आहे. परवा भेटला, तर वजन वाढल्याची तक्रार करत होता.

कारण हेवा, दुसरे काही नाही. विहीणबाईंच्या डावखुरेपणाचा मला हेवा वाटला. तो गुण मी कितीही मेहनत केली तरी मला येणार नाही. त्यांना तुझ्या चुलीचे दार कळले, याचा वाटला. तू त्यांच्यासोबत हसलीस, याचा सर्वांत जास्त वाटला. कारण आपण दोघे करवत ओढताना कधी हसलेलो मला आठवत नाही. आपण काम करतो, मग तू विचारतेस, की थकलास का, आणि मी म्हणतो, नाही. मला ते पुरेसे वाटत होते. तुला पुरेसे होते की नाही, हे मी विचारले नाही.

माझा विचार असा होता, की २१ तारखेपर्यंत ओंडके थांबतील आणि सर्व पूर्ववत होईल. ओंडक्यांना चिरा पडतील, हे मला माहीत होते. तू वाट पाहणार नाहीस आणि छोट्या करवतीने सुरुवात करशील, हे मला सुचायला हवे होते. तुझे मनगट माझ्यामुळे गेले.

रजेचा अर्ज मागे घेण्याची अखेरची तारीख १९ आहे. तुझे उत्तर आले नाही, तर उत्तर आले असे समजेन.

लोभ असावा, असे लिहिण्याचा अधिकार सध्या माझ्याकडे नाही.

भाऊ

दि. १६ ऑक्टोबर

भाऊसाहेबांस विहीणबाईंचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आणि ती चिठ्ठी ताईंनी काल चहाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि वाचा म्हणाल्या. मी वाचलं. धारवाल्याच्या मजकुरापाशी आधी मला खूप हसू आलं. इतक्या झपाट्याने सुधारलेला पेशंट तीस वर्षांत पाहिला नव्हता. मग ताईंच्या हाताकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. तुम्ही वाईट वागलात. हे मी लिहिलं नाही, तर पुढचं लिहिण्याला अर्थ नाही.

पुढचं असं. मी इथे पाइपांमुळे आले, हे अर्धंच खरं. पाण्याची सोय माझ्या बहिणीकडेही होती. पण माझी सून उठता-बसता आईच्या अंगणाचं सांगते, आणि आता माझा मुलगाही सांगू लागला आहे. ज्या मुलाने माझ्या घरात कधी खुर्ची जागेवर ठेवली नाही, त्याने गेल्या वर्षी इथे लाकडाची थप्पी रचली, हे मला फोटोतून कळलं. त्या फोटोत तो हसत होता. तो फोटो मी उशाशी ठेवला नाही, कपाटात कागदांखाली सारला. इथे असं काय आहे, ते एकदा पाहू, म्हणून आले. तेव्हा तुमच्या कपाटामागची करवत मला परकी वाटली नाही.

ताई तुमच्याशी बोलणार नाहीत, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. त्यानंतर माझी ट्रंक चुलीमागच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत हलवायला लावली आणि कपाटातून एक उशी काढून उन्हात टाकली. यातून काय समजायचं ते तुम्ही समजा.

तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहिण्याच्या ताईंच्या हट्टापायी सूज पुन्हा चढली. पट्टीची मुदत मी ३० तारखेपर्यंत वाढवली आहे. म्हणजे करवतीची एक मूठ रिकामी आहे. दुसरी माझ्याकडे आहे आणि ती मी सोडणार नाही, हे आधीच कळवते. सतरा ओंडके दगड होत चालले आहेत. अर्ज मागे घेऊ नये.

येताना जाड हातमोजे आणा. लोभाचं समक्ष पाहू.

तुमची
विहीणबाई

दि. २९ ऑक्टोबर

प्रिय सौ. हिस सप्रेम.

वि. वि. मी खुशाल आहे. कोपर सोलला आहे. दोन्ही तळहातांना फोड आहेत. तू विचारशील म्हणून ताईचे आधी सांगतो.

पहिले तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्यासमोर ती विहीणबाईंना सांगे, की याला म्हणावं पाणी तापलंय. आणि विहीणबाई दोन हातांच्या अंतरावरून तो निरोप मला देत. जेवणात मात्र माझ्या ताटात दोनदा वाढले जाई.

करवतीवर मी आणि विहीणबाई. पहिल्या दिवशी मी पुन्हा ढकलू लागलो. त्यांनी करवत थांबवली आणि विचारले, की कचेरीत समोरच्याचा कागद त्याच्या हातातून ओढून घेता का? मी म्हणालो, की होय. त्या म्हणाल्या, की इथे चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी लय लागली. त्या घड्याळाकडे पाहून मोजतात, पन्नासला थांबतात, आणि त्या पन्नास हातांत एक संपूर्ण वॉर्ड सांगून होतो: कोणता डॉक्टर कोणाला घाबरायचा, कोण पेशंट गोळ्या कुंडीत पुरायचा. काल मी इतका हसलो, की करवत सुटली. त्यांचा डावा हात आणि माझा उजवा, त्यामुळे आम्ही एका अंगाला उभे राहतो. पहिल्या दिवशी सवयीने मी भिंतीकडे गेलो होतो. कोपर तेव्हाच सोलला. आठ दिवसांत अकरा ओंडके झाले.

ताई ओसरीवर खुर्ची टाकून बसलेली असे. मग काप सरळ जात नाही, असे भिंतीला उद्देशून म्हणू लागली. काप सरळ होता. मी काटकोनाचा गुण्या लावून पाहिला. काल म्हणाली, की करवतीपेक्षा तुमची तोंडंच जास्त चालतात, आणि विहीणबाईंना विनाकारण दोनदा आत बोलावले. आज सकाळी तिने पट्टी एक दिवस आधीच स्वतः सोडली, मनगट दोनदा फिरवून पाहिले आणि येऊन आमच्या मधोमध उभी राहिली.

करवतीला मुठी दोन आणि माणसे तीन. ती कोणाला बाजूला करते, या एकाच गोष्टीवर माझे सगळे लक्ष होते, हे तुला वेगळे सांगायला नको. तिने विहीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

मला आनंद झाला. तो किती टिकला, ते सांगतो. विहीणबाईंनी मूठ सोडली, हात झटकले आणि अगदी नीट आवाजात म्हणाल्या, की बरोबर आहे, भावंडांचं काम आहे. मग उगाच घड्याळ काढून पुसू लागल्या. तो चेहरा मी ओळखला. सप्टेंबरभर रोज सकाळी दाढी करताना मी तोच पाहत होतो.

मी म्हणालो, की माझी कंबर धरली आहे, आणि माझी मूठ त्यांच्या हातात दिली. त्यांनी लगेच विचारायला सुरुवात केली, की कधीपासून, वाकताना की उठताना. तेव्हा ताई पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहून बोलली. म्हणाली मात्र विहीणबाईंना, की याला काही विचारू नका, हा ताप सांगायला लागेल.

त्या दोघी कापू लागल्या आणि मी कुऱ्हाड घेतली. लाकूड वाळल्याने कुऱ्हाड उसळते. एका तुकड्याला आठ-दहा घाव लागतात, कधी पाचर ठोकावी लागते. माझ्यामुळेच वाळले आहे, तेव्हा तक्रार नाही. त्या दोघी हसत होत्या. कशाला, ते मला ऐकू आले नाही, आणि मला वाईट वाटले. ते जात नाही, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी पुढचा तुकडा ठोकळ्यावर ठेवला.

दुपारी ताईने विचारले, की रजा किती उरली आहे. मी म्हणालो, की दोन दिवस. ओंडके किती उरले, असे तिने विचारले. मी म्हणालो, की सहा. ती म्हणाली, की सहा ओंडके दोन दिवसांत होत नसतात, एवढं बी.कॉम. झालेल्या माणसाला कळायला हवं. मग आत जाऊन चुलीमागच्या खोलीत माझ्या अंथरुणावर आणखी एक पांघरूण टाकून आली.

रजा आठवडाभर वाढवत आहे. अर्ज सोबत जोडला आहे. मिळताच कचेरीत पोचता कर आणि पोच घे. तू का आली नाहीस, असे ताई रोज विचारते. तेव्हा शनिवारी निघून ये. करवतीजवळ तुझी काही ना काही सोय होईल. कुऱ्हाडीला मात्र दांडा एकच आहे, आणि तो माझ्याकडे आहे.

तुझा
मी